शेवटची कोरी पट्टी

इगतपुरी
९ ऑगस्ट १९९५

चि. भिकन यास अनेक आशीर्वाद.

मी साईचा बाप, देवराम. तू तेराव्याला आला होतास, पण त्या गर्दीत तुझ्याशी दोन शब्द बोलणं झालं नाही. कोपऱ्यात बसलास आणि जाताना नुसते हात जोडलेस, ते मी पाहिलं. साईच्या तोंडी तुझं नाव रोजचं होतं. नाशिकरोडच्या कॉलेजात तुम्ही एका बाकावर होता आणि आता तू कॅसेटी भरून देणाऱ्या दुकानात आहेस, एवढं मला ठाऊक आहे. म्हणून दुकानाच्या पत्त्यावर लिहितो आहे.

काम असं आहे. रेल्वे पोलिसांनी त्याच्या वस्तू परत दिल्या. घड्याळ, पाकीट, आणि कानाला लावून गाणी ऐकायचा तो वॉकमन. वॉकमन फुटला आहे, बॅटऱ्या कुठे उडाल्या ते देव जाणे. पण आतली कॅसेट धड आहे. तिच्यावर तुझं अक्षर आहे, म्हणजे ती तूच भरून दिलेली.

आमच्या क्वार्टरांतली माणसं रूळ ओलांडूनच बाजारात जातात, तू पाहिलं आहेस. जुलैत इथं धुकं असं बसतं की जवळचा सिग्नलही दिसत नाही. अशा वेळी कानावरच भरवसा. मी गँगमन, सगळी नोकरी लाईनवर गेली. पोरांना चालायला शिकवलं तेव्हाच हेही शिकवलं, की आधी ऐकायचं आणि मग पाय टाकायचा. ड्रायव्हर जबाबात म्हणतो, वळणापासून शिट्टी देत होतो, पोरगं हललं नाही.

आता कॉलनीत दोन बोलणी चालू आहेत. काही जण म्हणतात, कानात गाणी होती, बिचाऱ्याला ऐकू आलं नाही. बाकीचे काय म्हणतात ते तू समजून घे, माझ्याच्याने लिहवत नाही. ते बोलणं नळावर त्याच्या आईच्या कानावर गेलं. त्या दिवसापासून तिनं अन्न टाकलं आहे. नुसत्या चहावर आहे.

शेजारी राहणाऱ्या वाळू गँगमनच्या टेपमध्ये मी ती कॅसेट लावली. जिथं थांबली होती तिथूनच लावली. मागे फिरवायला हात होत नाही. गाणं काही लागलं नाही, शेवटपर्यंत नुसती बारीक खरखर. पावसात रुळाकडेला पडून होती, पट्टीत पाणी शिरलं असणार. तर तू एवढंच कळव. दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटाला गाणं कोणतं होतं? मोठ्या आवाजाचं होतं का? शिट्टी ऐकू येणार नाही इतकं मोठं होतं का?

खरं काय ते लिही. त्याच्या आईला वाचून दाखवायचं आहे.

तुझा,
देवराम काका


नाशिकरोड
१२ ऑगस्ट १९९५

सौ. छायाताईस सप्रेम नमस्कार.

तुझा निफाडचा पत्ता मला पाठ आहे. दर फेब्रुवारीत तुमच्या मळ्यातली द्राक्षं साईच्या नावाने यायची, अर्धी मी खायचो आणि आभाराचं कार्ड टाकायचो. अशा कामासाठी तुला लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

तुझ्या बाबांचं पत्र आलं आहे. सोबत ठेवतो, आधी ते वाच. मग माझं पुढचं वाच.

वाचलंस? आता ऐक. ती कॅसेट बिघडलेली नाही.

दुकानात आम्ही सीडीवरून कॅसेट भरतो. अल्बम पन्नास मिनिटांचा आणि कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे शेवटी थोडी पट्टी कोरी उरते. आमच्या मालकांचा दंडक आहे की पट्टी कोरी सोडायची नाही. गिऱ्हाईक म्हणतं, पैसे पूर्ण घेतले आणि माल कमी दिला. म्हणून उरलेल्या जागेत आम्ही कुणाचंही एखादं गाणं चिकटवून देतो. नाशिकमधल्या निम्म्या लोकांना वाटतं की अल्बम त्या चिकटवलेल्या गाण्यानेच संपतो.

साईला हे अजिबात चालायचं नाही. तो काउंटरवर हात आपटून म्हणायचा, "भिक्या, अल्बम संपला की संपला. जेवण झाल्यावर हात धुतले, आता परत घास भरवू नको." त्याच्या कॅसेटी मी मालकांच्या चोरून कोऱ्या सोडायचो. शेवटचं गाणं झालं की तो ती खरखर ऐकत पडायचा, बटण खट्कन वर येईपर्यंत. मला म्हणायचा, आत्ता ऐकलेलं सगळं तेव्हा मुरतं.

तुला आमचं वेड कधी कळलं नाही, आणि त्यात तुझा दोष नाही. भिकन नावाचा पोरगा इंग्रजी रॉक ऐकतो म्हणजे एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून अगरबत्तीचा वास येण्यासारखं, असं तूच म्हणाली होतीस. पण आम्हाला नुसता दणदणाट नको असायचा. गिटार भिंत हादरवणारी, ड्रम छातीत बसणारे, आणि त्यावर चाल मात्र अशी गोड की भाजी आणायला जाताना गुणगुणता यावी. निव्वळ रॉकवाले त्याला पॉप म्हणून नाक मुरडायचे, पॉपवाल्यांना तो गोंगाट वाटायचा. आम्ही दोघं मधल्या बांधावर. साईची व्याख्या होती, "चाल आईला आवडली पाहिजे आणि आवाज बापाला नकोसा झाला पाहिजे, तो थोर अल्बम." हा शेवटचा अल्बम इंग्लंडातल्या चार पोरांचा, नाव सांगून तुला काही कळायचं नाही. आमच्या यादीत तो सगळ्यात वर होता.

तर ताई, वॉकमन थांबला तेव्हा त्याच्या कानात काहीच वाजत नव्हतं. स्पंजचे हेडफोन, त्यातून बाहेरचं सगळं ऐकू येतं. त्याने शिट्टी ऐकली.

हे वाक्य मी कालपासून खिशात घेऊन फिरतो आहे. काका म्हणतात खरं लिही. मला कळत नाही काय करू. तू सांगशील ते करेन.

तुझा,
भिकन


निफाड
१६ ऑगस्ट १९९५

भिकन,

तुझं पत्र वाचून चुलीत घातलं. बाबांचं परत पाठवते आहे.

पहिली गोष्ट, ह्यातलं एक अक्षर बाबांना कळता कामा नये. आईला तर नाहीच नाही. मी परवा इगतपुरीला जाऊन आले. आईच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतात. मी भाकरी कुस्करून दुधात घालून दिली, तर म्हणाली, "माझं लेकरू आपल्या पायानं गेलं आसंल तर मी कोणत्या तोंडानं खाऊ?" मी तिला काय सांगणार होते?

दुसरी गोष्ट तुला माहीत आहे की नाही कोण जाणे. जूनमध्ये साईचं रेल्वेचं बोलावणं आलं होतं. गँगमन म्हणूनच, बाबांच्याच खात्यात. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. बाबांनी सगळ्या क्वार्टरांतून पेढे वाटले. माझ्या लग्नातही ते जेवढे बोलले नव्हते, तेवढे त्या दिवशी बोलले. येणाऱ्या जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, माझा पोरगा लागला. साई हातात पेढा धरून भिंतीला टेकून उभा होता. आम्हाला वाटलं, लाजतो आहे. ज्या आठवड्यात त्याला हजर व्हायचं होतं त्याच आठवड्यात तो गेला.

त्याने शिट्टी ऐकली हे बाबांना कळलं, तर त्या पेढ्यांचं काय होईल ते तू विचार कर. मी केला आहे.

म्हणून तू लिही की मोठं गाणं होतं. तुला जमेल तेवढं मोठं लिही. पाप लागलं तर मला लागू दे, आम्ही दोघी वाटून घेऊ, मी आणि आमची कुलदेवी.

छाया


नाशिकरोड
१९ ऑगस्ट १९९५

ती. देवराम काका यांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी.

त्या जागी जे गाणं होतं ते फार मोठ्या आवाजाचं आहे. सुरुवातीपासून ड्रम आणि दोन इलेक्ट्रिक गिटारी, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. दुकानात ते लावलं की समोरचा रिक्षावाला हॉर्न वाजवतो तेही आम्हाला ऐकू येत नाही. साई नेहमी आवाजाचं चाक शेवटपर्यंत फिरवायचा, मी त्याला ओरडायचो. तेव्हा शिट्टी ऐकू येणं शक्यच नव्हतं. काकूंना हे जरूर वाचून दाखवा.

पट्टीत पाणी गेलं की अशीच खरखर येते. शक्य झालं तर ती कॅसेट माझ्याकडे पाठवून द्या, मी पुसून दुरुस्त करून बघतो.

काकूंना म्हणावं, जेवा.

तुमचा,
भिकन


इगतपुरी
२६ ऑगस्ट १९९५

चि. भिकन यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी वाचून दाखवलं. तिनं परत वाचायला लावलं. मग उठून हात धुतले, कालची भाकरी होती ती कोरड्यासात बुडवून खाल्ली. खाताना रडत होती, पण खाल्ली.

दुसऱ्या दिवशी नळावर गेली आणि गोजराबाईला सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या साईच्या कानात ढोल वाजत व्हते ढोल. नाशिकच्या दुकानदारानं लिहून पाठवलंय. आता कुणी जीभ उचलली तर बघा." तेव्हापासून ते बोलणं बंद आहे. निदान आमच्या समोर तरी बंद आहे.

पोरा, तुझे उपकार मी विसरणार नाही.

कॅसेट मात्र पाठवत नाही. जशी आहे तशी राहू दे. पण तिचा हट्ट आहे की ते गाणं तिला ऐकायचं आहे. आमचे जावई राज यांनी त्यांचा जुना टू-इन-वन आणून दिला आहे. तर तू तीच कॅसेट नव्याने भरून पाठव, सगळा अल्बम, शेवटी ते गाणं धरून.

देवराम काका


नाशिकरोड
३० ऑगस्ट १९९५

छायाताई,

एक खोटं बोललं की त्याला लेकरं होतात म्हणतात, तसं झालं आहे. काकूंना ते गाणं ऐकायचं आहे. जे नाहीच ते गाणं!

आज दुपारी मालक जेवायला गेल्यावर बसलो. त्याच अल्बममधलं एखादं परत टाकलं तर काका कधीतरी ओळखतील, म्हणून दुसऱ्याच एका कंपूचं काढलं, निव्वळ दणदणाट, चाल औषधालाही नाही. अल्बमचं शेवटचं गाणं फार हळू आहे. एकटा माणूस, एक पियानो, आणि मागे गिटार लांबून येते. ते विरतं न विरतं तोच मी हे खाली आदळलं. साई असता तर त्याने मला दुकानातून ओढून रस्त्यावर आणून मारलं असतं. मारायला तो असता तर किती बरं झालं असतं.

मला त्याचा राग येतो, ताई. त्याने माझ्या हातून हे करवून घेतलं म्हणून येतो. आणि कोरी पट्टी सोडून दिली ती मीच, हेही डोक्यातून जात नाही. मालकांचं ऐकून एखादं भिकार गाणं चिकटवलं असतं तर निदान काहीच कळलं नसतं.

कॅसेट तयार आहे. पाठवू का?

भिकन


(पोस्टकार्ड)

निफाड, २ सप्टेंबर १९९५

पाठव. आई जेवते आहे. त्यापुढे मला दुसरं काही दिसत नाही. — छाया


इगतपुरी
४ फेब्रुवारी १९९६

चि. भिकन यास आशीर्वाद.

कॅसेट केव्हाच पोचली, पोच कळवायची राहून गेली. लाईनवर दुरुस्तीचं काम निघालं होतं, घरी यायचो तो आडवाच व्हायचो.

इथली हकीगत. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावला की साईची आई म्हणते, "लावा हो साईचं गाणं." मी लावतो. ती पदर डोक्यावर घेऊन ऐकते. शेजारची पोरं दारात गोळा होऊन हसायची, आता तीही हसत नाहीत. गाणं संपलं की ती दरवेळी म्हणते, "एवढ्या गलक्यात कसं ऐकू येईल?" मग चुलीकडे जाते.

मी मात्र अलीकडे पूर्ण अल्बम ऐकायला लागलो आहे. आधी डोकं दुखायचं. साई घरी लावायचा तेव्हा मी म्हणायचो, "कोणाचा पाय चेंगरलाय का रे?" आता थोडं थोडं कळतं. शब्द नाही कळत, पण कोण काय करतो आहे ते कळतं. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं सुरू होतं तेव्हा मला घाट आठवतो. मालगाडी कसाऱ्याहून चढताना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, त्यांना आम्ही बँकर म्हणतो. तशी ती जाड आवाजाची गिटार मागून जोर लावते आणि गाणारा वर चढतो. ते मला आवडलं. त्याच्या नंतरचं गाणं साईची आई भाकऱ्या थापताना गुणगुणते. तिला विचारलं तर म्हणते, मी कुठं, काहीतरीच तुमचं.

असले आणखी असतील तर पाठव. साईला आवडणारे पाठव. कोणता आधी ऐकायचा तेही लिही, मी क्रमाने ऐकेन.

देवराम काका


नाशिकरोड
२० फेब्रुवारी १९९६

ती. काका यांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि मालकांना सांगितलं की डोळ्यात कचरा गेला.

तीन कॅसेटी पाठवतो आहे. आधी निळ्या कागदाची ऐका. ती अमेरिकेतल्या मंडळींची आहे, उन्हाळ्यात लांबच्या रस्त्याला लागल्यासारखी मोकळी आहे. मग लाल ऐका. तिच्यात एक बाई गाते, तिच्या मागे पोरं जीव तोडून वाजवतात, पण ती चाल हातची सोडत नाही. काळी कॅसेट शेवटी ऐका आणि एकट्याने ऐका. ती आवडायला मला आणि साईला महिना लागला होता. आमचं त्यावरून भांडणही झालं होतं, तो म्हणे हे पॉप, मी म्हणे हे रॉक. शेवटी दोघंही हरलो.

काकूंना नमस्कार.

भिकन


इगतपुरी
११ जून १९९६

चि. भिकन यास आशीर्वाद.

निळी चांगली आहे. लाल त्याहून चांगली. त्या बाईला कुणीतरी फार दुखावलेलं दिसतं, पण ती रडून दाखवत नाही, हे मला पटलं. काळी मला अजून कळली नाही, पण मी सोडलेली नाही.

तू मध्ये एक जादा पाठवलीस, पिवळ्या कागदाची, ती मला गुळमट वाटली. सगळी गाणी लग्नाच्या पंगतीत वाढल्यासारखी. साईला ती आवडली नसणार. खरं सांग.

पाऊस लागला आहे. धुकंही आलं. गेल्या वर्षीसारखंच आहे सगळं.

देवराम काका


नाशिकरोड
१७ जून १९९६

ती. काका यांस नमस्कार.

पिवळी साईला आवडत नव्हती. मला आवडते. तुम्ही पकडलंत.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्धाला येतो. काही आणायचं असेल तर कळवा.

भिकन


इगतपुरी
१९ नोव्हेंबर २००३

चि. भिकन यास अनेक आशीर्वाद.

फार दिवसांनी लिहितो आहे. तू हल्ली फोनवर बोलतोस, कधी सीडी पाठवतोस, पण काही गोष्टी मला फोनवर बोलता येत नाहीत. पलीकडे माणूस श्वास घेताना ऐकू आला की मी गप्प होतो. म्हणून पत्र.

साईची आई जाऊन दोन महिने झाले. तू आला होतास, सगळं पाहिलंस. घरात आता मी आणि टू-इन-वन. छाया म्हणते निफाडला या. जाईन बहुतेक. जाण्यापूर्वी तुझ्याशी एक बोलणं पुरं करायचं आहे.

तू पाठवलेली कॅसेट पहिल्यांदा आली ना, पंच्याण्णव साली, तेव्हा त्याच आठवड्यात साईची आई देवळात गेली असताना मी जुनी कॅसेट बाहेर काढली. ती मागे फिरवली. हात होत नव्हता, पण फिरवली. सगळी गाणी स्वच्छ होती. पाण्याचा कुठे मागमूस नाही. पाणी शिरलं असतं तर सगळीकडेच शिरलं असतं, नेमक्या शेवटच्या जागी तेवढं कसं शिरेल? मग तुझी नवी ऐकली. ते शेवटचं गाणं लागलं. गाणारा निराळा, वाजवणारे निराळे. आधीच्या गाण्यात अल्बम संपून गेला होता, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं. संपल्यावर मागून कोणी काहीतरी आणून टाकलं होतं.

तरी मनाची खात्री हवी होती. शेजारच्या वाळूच्या पोराचा वॉकमन मागून आणला. जुनी कॅसेट त्या जागेवर आणली, तो कानाला लावला आणि परसात जाऊन बसलो. संध्याकाळची गाडी आली. वळणावर तिनं शिट्टी दिली. मला ती स्पष्ट ऐकू आली. रुळाचा आवाजही आला, लांबून, गाडी यायच्या कितीतरी आधी.

तुझ्यावर मी रागावलो नाही. तुला हे सुचवलं कुणी तेही मी ओळखलं, पण छायाला बोललो नाही आणि तूही बोलू नकोस. तिला वाटू दे की बापाला तिनं वाचवलं.

मी गप्प राहिलो तो साईच्या आईसाठी. रोज दिवेलागणीला तिच्या शेजारी बसून ते गाणं ऐकलं आणि ती म्हणायची, एवढ्या गलक्यात कसं ऐकू येईल, तेव्हा मी हो म्हणायचो. ते गाणं मला अजिबात आवडत नाही, आता सांगायला हरकत नाही. शेवटच्या आठवड्यात मी टेपकडे उठलो तर तिनं हात धरला. म्हणाली, "नका लावू. तुम्हालाबी लय तरास होतो, मला कळतंय का नाय?" तिला किती कळलं होतं, आणि कधीपासून, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. एकाच खोलीत आम्ही दोघं एकमेकांना जपत बसलो आणि पोराबद्दल खरं असं एकदाही बोललो नाही.

बाकीचे अल्बम मात्र मी त्याच्यासाठी ऐकले. मला वाटलं, ह्यात कुठेतरी तो सापडेल. थोडा सापडलाही. काळी कॅसेट मला मागल्या वर्षी कळली. तुम्ही दोघं भांडलात ते बरोबर होतं. ती दोन्हीकडची आहे. इतका वेळ मी त्याच्या जिवंतपणी त्याच्याजवळ बसलो असतो तर!

आता एकच विचारतो. आता ह्या घरात कुणाला वाचून दाखवायचं नाही, तेव्हा बिनदिक्कत खरं लिही. रेल्वेत लागायचं नव्हतं, असं तो तुझ्याकडे कधी बोलला होता का? बोलला असेल तर मला का नाही बोलला? मी त्याला मारणारा बाप नव्हतो. एकदा म्हणाला असता, बाबा, नको मला ही लाईन, तर मी दोन दिवस रुसलो असतो, तिसऱ्या दिवशी ते बोलावणं फाडून टाकलं असतं. हे त्याला माहीत नव्हतं का?

रात्रंदिवस हाच प्रश्न आहे. उत्तर कसंही असो, मला हवं आहे.

तुझा,
देवराम काका


नाशिकरोड
२७ नोव्हेंबर २००३

ती. देवराम काका यांस साष्टांग नमस्कार.

तीन वेळा लिहून फाडलं. तुम्ही खरं मागितलं आहे, म्हणून ह्या वेळी खरंच लिहितो.

हो काका. बोलला होता. पेढे वाटले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात आला होता. त्याला ती नोकरी नको होती. धुक्यात हातोडा खांद्यावर घेऊन लाईनीने चालायचं, त्याची त्याला लहानपणापासून भीती वाटायची. तुम्ही कामावरून परत येईपर्यंत तो दारात उभा राहायचा, आठवतं का तुम्हाला? मी म्हणालो, मग सांग की काकांना सरळ, ते काही वाघ नाहीत.

तुम्ही फाडून टाकलं असतं हे त्याला माहीत होतं. तेच म्हणाला. "बाबा फाडतील रे, मला ठाऊक आहे. पण भिक्या, मी त्यांना इतकं खुश आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. ते माझ्याच्याने मोडवत नाही."

तुमचा,
भिकन